मंगवरचा अनुस्वार

भोकरदन, ६ जानेवारी २०२५

मीना,

'प्रिय' लिहायला पेन टेकवलं होतं. पण हल्ली तो शब्द तुला इतक्या जणांकडून मिळत असणार की माझ्या एकाने काही भर पडायची नाही. म्हणून नुसतं मीना.

पत्र का, असं विचारशील. फोनवर तू दोन मिनिटांत माझी समजूत घालतेस आणि मग मला राग धरताच येत नाही, म्हणून पत्र. शिवाय दिवसभर लोकांचे उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज टाइप करून माझी बोटं आखडलेली असतात. तरी तुला हाताने लिहिते आहे, एवढं मान.

आज दुकानात सातवीतल्या दोन मुली आल्या. दुकान तेच, तहसीलसमोरचं, दीप झेरॉक्स. तू शेवटची आलीस तेव्हा पाटी निळी होती, आता पिवळी आहे. दोघींतल्या एकीने, भावना तिचं नाव, मोबाइल पुढे केला. "ताई, ही पीडीएफ काढून द्या ना. पुरी. दोन्ही बाजूनी." मी फाइल घेतली, छापायला दिली आणि पहिलं पान बाहेर आलं. मुक्कामी गाडी. गोष्टीत शिरून खेळायचा खेळ. दुसरी आवृत्ती. मीना ठोंबरे आणि आकांक्षा शेलार.

एरवी माझं मशीन दर दहाव्या कागदाला अडकतं. आज अडतीस पानं सरळ बाहेर आली.

मी साळसूदपणे विचारलं, हे काय आहे गं? भावनाने मला समजावून सांगितलं. "एक जन कंडक्टर व्हतो, ताई. बाकीचे प्रवासी. गाडी कोन्त्या बी गावाला मुक्कामी जाती. मंग तिथं कोन भेटलं, काय झालं, ते आपुनच सांगायचं. काही अवघड करायचं असलं की चार चिंचोके टाकायचे. पांढऱ्या बाजू जास्ती पडल्या तर जमलं."

"आणि काळ्या पडल्या तर?"

"तर कंडक्टर फकस्त 'मंग?' म्हनतो. काय बिघडलं ते आपल्यालाच सांगावं लागतं." मग माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघून म्हणाली, "तुमाला असं सांगून न्हाई समजायचं, ताई. खेळावं लागतं."

ऐकलंस? मला! भोकरदन–जालना गाडीत ज्याचा एकेक नियम माझ्या कंपासपेटीत चिंचोके खुळखुळवत ठरला, तो खेळ मला सांगून समजणार नाही. तीन वर्षं आपण त्या गाडीने कॉलेजला गेलो. मी भोकरदनला चढून तुझी जागा धरायचे, तू राजूरला चढायचीस. चतुर्थीला राजूरच्या गणपतीची गर्दी असली की उभं राहायलाही मिळायचं नाही, तेव्हा आपण एकमेकींच्या कानात खेळायचो. कंडक्टर मी, प्रवासी तू. दोनशे पानी वही भरली. नंतर तू पुण्याला नोकरीला लागलीस, आणि दोन वर्षांपूर्वी एके दिवशी म्हणालीस, दीपे, हा खेळ सगळ्यांसाठी मोकळा करून टाकू या. मी हो म्हणाले. परवान्याचा कागद न वाचता हो म्हणाले, कारण विचारणारी तू होतीस.

तो कागद आज वाचला, शेवटच्या पानावरचा. हा खेळ कोणीही वाचावा, छापावा, वाटावा, बदलावा, हवा तर विकावा. अटी एवढ्याच की मूळ करणाऱ्यांची नावं द्यायची, काय बदललं ते सांगायचं आणि बदललेला खेळही असाच मोकळा ठेवायचा. छान आहे. मनाचा मोठेपणा दिसतो. माझं नाव कुठेच नाही याचं मला काहीही वाटलं नाही, कारण ते मीच तुला काढायला सांगितलं होतं. ते राहू दे.

वाईट वाटलं ते अकराव्या पानाचं. तिथे छापलंय, 'दान उलटे पडल्यास कंडक्टरने फक्त "मग?" एवढेच विचारावे.' मग! मीना, आपण दोघींनी जन्मात कधी त्या गाडीत 'मग' म्हटलं आहे का? पुण्याला तुझी जीभ वळली असेल, वळू दे. पण खेळातला मंग हा माझा होता. तू फसलीस की मी भुवया वर करून 'मंग?' म्हणायचे आणि तुला हसू फुटायचं. तुझ्या त्या आकांक्षाने वरचा अनुस्वार पुसून टाकला. आता आमची भावना डोळ्याने 'मग' वाचते, तोंडाने 'मंग' म्हणते आणि तिला वाटत असणार, चुकतंय ते आपलंच.

दोन प्रती काढून दिल्या, मुली गेल्या. बाकी इकडे सगळं ठीक.

दीपमाला


भोकरदन, २१ जानेवारी

मीना,

तुझा फोन आला होता. म्हणजे पत्र पोचलं. दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून उचलला नाही, असं लिहिणार होते. गिऱ्हाईक नव्हतं. मी एकटीच होते आणि तो वाजायचा थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत बसले होते.

आई विचारत होती. तुला माहीत आहे, बेबीनंदाबाईंपासून या घरात काही लपत नाही. "मीना दिवाळीला राजूरला आल्ती म्हनं. आपल्याकडं न्हाई आली ती. तुमचं बोलनं बंद हाय का?" मी म्हटलं, तिला कामं असतात. तर म्हणते, "तुला न्हाईत का कामं? तू तर रोज तिचं नाव घेऊन राह्यली." मी रोज नाव घेत नाही. आईला अतिशयोक्तीची सवय आहे.

आता मागचं सांगतेच, म्हणजे एकदाचं होऊन जाईल. गेल्या मार्चमध्ये तू एक फोटो टाकलास. पुण्यात कुठल्यातरी ग्रंथालयाच्या हॉलमध्ये पंधरा-वीस जण गोल करून बसलेत आणि कंडक्टरच्या जागी तुझ्या ऑफिसातली आकांक्षा. हातात सायकलची घंटी. आपल्या खेळात एक घंटी दिली की गोष्ट थांबते, दोन दिल्या की चालू होते, एसटीतल्यासारखीच. आपल्याकडे कुठली घंटी? मी जिभेने टण् करायचे. तिच्याकडे खरी, चकचकीत. आणि तू तिच्या शेजारी, प्रवाशाच्या जागेवर, तोंड उघडं टाकून ऐकत होतीस. तसं तोंड उघडं टाकून तू फक्त माझंच ऐकतेस, असा माझा समज होता.

फोटोखाली तू लिहिलं होतंस, 'आमचा खेळ.' त्या 'आमच्या'त मी होते की ती, ते कळायला मार्ग नव्हता. मी दुपारी तुला एका ओळीचा निरोप पाठवला, माझं नाव काढून टाक. संध्याकाळपर्यंत तू काढलंस. परवान्यातच आहे म्हणे तसं, करणाऱ्याने सांगितलं तर त्याचं नाव काढावं लागतं. मीना, मी तुला कलम विचारलं नव्हतं. एकदा तरी 'का गं?' म्हणायचं होतंस. मी दोन दिवस त्या 'का गं'ची वाट बघितली, मग तुझा नंबर ब्लॉक केला. (आता उघडलाय. नाहीतर तुझा फोन वाजला नसता, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.)

हो, जळते मी. लिहूनच टाकते, म्हणजे तुला ओळींच्या मधलं वाचायचे कष्ट नकोत. खेळ जगाने खेळला याच्यावर जळत नाही, जगाला मी ओळखत नाही. त्या एकीवर जळते. तिने कधी राजूर येईपर्यंत तुझी जागा धरली नाही. तिला आयता खेळ मिळाला, आयती तू मिळालीस, आणि वर माझी जागा रिकामीच होती, ती मीच करून दिली होती. माझ्यासारखी मूर्ख मीच.

इकडचं सांगायचं तर भावनाच्या शाळेतल्या मुलींची रांग लागली आहे. भावनाच्या पहिल्या दोन सोडून आजवर त्रेचाळीस प्रती गेल्या. अकराव्या पानावर मी अनुस्वार परत घातला. पहिल्या आणि शेवटच्या पानावर छपाईची थोडी दुरुस्ती केली, बाकी खेळ तोच. बदलायचा हक्क परवाना सगळ्यांनाच देतो ना? मग मलाही देत असणार.

दीपमाला


भोकरदन, ४ फेब्रुवारी

मीना,

आज पाकीट आलं. पुण्याचा पत्ता बघून मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि आत जाऊन ते फोडलं. पत्र आकांक्षाचं निघालं.

रागवायचं होतं तर तू रागवायचं होतंस. 'दीपे, लाज वाटते का?' एवढंच लिहिलं असतंस तरी मी ते पाकीट जपून ठेवलं असतं. तेही काम तू तिला दिलंस! आणि ती लिहिते कशी बघ. 'आदरणीय दीपमालाताई.' मला तिशी लागली नाही तोवर आदरणीय. अक्षरही सुरेख आहे. मी पत्रात चूक शोधली, एक ऱ्हस्व-दीर्घसुद्धा सापडला नाही.

पण एक वाक्य मी चार वेळा वाचलं. 'मीनाने तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा फाडून टाकलं, म्हणून शेवटी मी लिहिते आहे.' ते वाचून मला बरं वाटलं. तू तीन कागद फाडलेस, तेही माझ्यामुळे. आनंदच झाला, लपवत नाही.

आता तुला सगळं कळलेलंच आहे, तरी माझ्या हाताने लिहिते. 'छपाईची थोडी दुरुस्ती' म्हणजे काय, तर पहिल्या पानावरून तुम्हा दोघींची नावं काढून मी तिथे एकट्या दीपमाला खरातचं नाव टाकलं. शेवटचं परवान्याचं पान काढलं आणि त्या जागी ठळक टाइपात घातलं, 'सर्व हक्क राखीव. लेखिकेच्या परवानगीशिवाय प्रत काढू नये.' जयंतीच्या स्मरणिकेवर असतं ना, तसं. मला वाटलं, पोरी कुठे वाचतात ते.

पोरींनी नाहीच वाचलं. त्यांच्या सरांनी वाचलं. बुद्धभूषण सर म्हणून आहेत, त्यांनी शनिवारी दप्तराविना शाळा असते तेव्हा हा खेळ वर्गात घ्यायला सुरुवात केली होती. माणूस इतका सरळ की शेवटचं पान वाचल्याबरोबर त्यांनी सगळ्या प्रती गोळा करून कपाटात ठेवल्या आणि दुकानात आले. "जय भीम, ताई. पोरींनी तुम्हाला न इचारताच हे वर्गात आनलं. तुमची परवानगी असंल तरच खेळू, न्हाईतर राहू द्या."

मीना, माझ्याकडे आजवर कोणी परवानगी मागायला आलेलं नाही. लोक मला 'जल्दी करा' म्हणतात. मी सरांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि लेटरहेडवर परवानगी टाइप करून दिली. 'माझ्या या कृतीचा शैक्षणिक वापर करण्यास मी सहर्ष अनुमती देत आहे.' खाली दुकानाचा शिक्का आणि सही. सरांनी ते पत्र फाइलला लावलं.

मग त्यांनी वर्गासाठी आणखी गावांच्या गोष्टी मिळतात का म्हणून इंटरनेटवर शोधलं, तर तुमची आवृत्ती सापडली. त्यांना वाटलं, तुम्ही दोघी माझा खेळ चोरून राह्यल्या. माझी बाजू घेऊन त्यांनी तुम्हाला पत्र लिहिलं, माझ्या प्रतीच्या पानांचे फोटो जोडून. हे मला आज आकांक्षाच्या पत्रातून कळलं. ते परत येऊन विचारतील तेव्हा काय सांगायचं, याचा विचार करून सकाळपासून मी दोन अर्ज चुकवले.

आकांक्षा लिहिते, परवान्याची अट मोडली की तो त्या माणसापुरता संपतो. मूळ वहीतलं माझं ते माझंच आहे, पण तुझ्या आणि तिच्या लिखाणावरचा माझा हक्क आता संपला. फक्त एक सोय आहे. चूक कळल्यापासून तीस दिवसांत ती सुधारली तर परवाना आपोआप परत मिळतो, कोणाकडे मागायला जावं लागत नाही. तीस दिवस म्हणजे सहा मार्चपर्यंत. आणि शेवटी लिहिते, 'मंगवरचा अनुस्वार मी काढला. संगणकावर शुद्धलेखन तपासताना तो लाल रेघ दाखवत होता, मी न विचारता बदलला. मीनाला छापून झाल्यावर दिसलं, तेव्हा ती माझ्याशी दिवसभर बोलली नाही. तुमची प्रत बघून कळलं की तुमचंच बरोबर आहे.'

तिला जरा उद्धट व्हायला काय झालं होतं? मला सोपं गेलं असतं.

दीपमाला


भोकरदन, २३ फेब्रुवारी

मीना,

सरांना खरं सांगितलं. शाळेत जाऊन, मधल्या सुट्टीत, व्हरांड्यात उभं राहून. मी म्हटलं, सर, तुमच्या फाइलमधलं माझं पत्र फाडून टाका, परवानगी द्यायचा मला हक्क नव्हता. खेळ पहिल्यापासून मोकळाच होता, ते पान मी काढलं होतं. सर म्हणाले, "मी तिकडं त्या बायांना काय काय लिहून बसलो, ताई." मला बोलले असते तर सहन झालं असतं. ते स्वतःलाच दोष देऊन राह्यले होते.

कपाटातल्या प्रती मी दुकानात आणल्या. पहिलं पान बदललं, शेवटचं पान परत लावलं. पहिल्या पानावर नावं मशीनवर छापली असती तर दहा मिनिटांत झालं असतं. मी ती हाताने लिहिली. मूळ खेळ मीना ठोंबरे, दुसरी आवृत्ती मीना ठोंबरे आणि आकांक्षा शेलार. तिचं नाव लिहिताना राग कुठल्या प्रतीला संपतो ते मला बघायचं होतं. संपला नाही. एकतिसाव्या प्रतीला मनगट दुखायला लागलं, तेवढंच.

त्रेचाळीसपैकी बेचाळीस कपाटात होत्या. एक भावनाच्या मावसबहिणीने जाफराबादला नेली होती. मी काळीपिवळीने जाफराबादला गेले. मच्छिंद्र म्हणून तिचे वडील आहेत, स्टँडजवळ त्यांचं चहाचं हॉटेल. प्रत गल्ल्याखाली होती, वर चहाचे डाग. मी पानं बदलायला बसले तर ते म्हणाले, "एका कागदासाठी भोकरदनहून आल्त्या का तुमी? फोन केला असता तर मीच फाडून टाकलं असतं." मी म्हटलं, फाडायचं नाही, नाव लिहायचं आहे. "कोनाचं?" पुण्याच्या एका बाईचं, मी म्हटलं. "बरं हाय," ते म्हणाले, "तुमची फार जवळची दिसती." मी चहा अर्धा टाकून उठले.

अनुस्वार मात्र ठेवला आहे. परवान्यात बसतो तो. बदल केला तर सांगावं लागतं, म्हणून प्रत्येक प्रतीवर लिहिलं, 'या प्रतीत एक बदल आहे. "मग"च्या जागी "मंग" केले आहे.' सरांनी परवाना आता माझ्यापेक्षा बारकाईने वाचलाय. ते म्हणाले, "ताई, बदल कोनी केला त्याचं नाव टाकता येतं की. तुमचं टाका." म्हणजे बघ. ज्या खेळाची घंटी माझी, चिंचोके माझे, कंडक्टर मी, त्यावर माझं नाव आता कायद्याने येऊ शकतं ते एका अनुस्वारापुरतं. मी नाही टाकलं. इतकं थोडं मला नको.

सगळं सुधारून झालं तो एकोणिसावा दिवस होता.

दीपमाला


भोकरदन, २ मार्च

मीना,

काल शनिवार होता. सरांनी मला शाळेत बोलावलं होतं. म्हणाले, आम्ही वाचून वाचून खेळतो, बराबर खेळतो की नाही ते एकदा येऊन बघा. मी बघायला म्हणून गेले आणि पोरींनी मला कंडक्टर करून टाकलं. शाळेची पितळी घंटा माझ्या हातात दिली.

दहा वर्षांनी मी गाडी सोडली. पहिली दोन वाक्यं चुकली, नंतर जमलं. गाडी एका अशा गावाला मुक्कामी गेली की तिथे कोणालाच पाहुणे नको होते. भावना दार उघडायला गेली, चारही चिंचोके काळे पडले. मी भुवया वर करून म्हटलं, "मंग?" सगळा वर्ग हसला. मीना, मला एकदम तुझी इतकी आठवण आली की मी एक घंटी देऊन गोष्ट थांबवली आणि खिडकीकडे जाऊन आले. पोरींना वाटलं, खेळातलाच भाग आहे.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. आकांक्षाचा नवा नियम आहे ना, मधला थांबा, कुठल्याही प्रवाशाने मध्येच उतरावं आणि पुढच्या थांब्यावर दुसराच कोणी होऊन चढावं. वाचलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. वर्गात एक मुलगी आहे, वसंता सुताराची, ती कधी तोंड उघडत नाही म्हणे. प्रवासी म्हणून पंधरा मिनिटं गप्प बसली होती. मग हळूच म्हणाली, मी उतरते. पुढच्या थांब्यावर ती त्या गावच्या सरपंचबाई होऊन चढली आणि तिने आम्हा सगळ्यांना असं झापलं की सर बघतच राहिले. सुट्टी झाली तरी ती गप्प बसेना.

नियम चांगला आहे. मला असा नियम कधीच सुचला नसता. आपल्या खेळात उतरायची सोयच नव्हती, कारण आपण दोघीच होतो आणि एक उतरली असती तर मी एकटी राहिले असते. तिला ते सुचलं कारण तिच्याकडे माणसं होती. हे मी घरी येऊन आईलाही सांगितलं, तर आई म्हणाली, "मंग तिला लिही की तसं." तिला नाही लिहिणार. तुला लिहिते, तू वाटलं तर तिला वाचून दाखव. सगळं नको, एवढाच परिच्छेद.

खेळ संपल्यावर भावनाने विचारलं, "ताई, तुमाला तर लईच भारी येतं. हा खेळ कोनी काढला, म्हाईत हाय का तुमाला?" पहिलं पान तिच्या हातातच होतं. मी म्हटलं, मीना ठोंबरे आणि आकांक्षा शेलार. "अन् तुमी?" मी म्हटलं, मी झेरॉक्स काढते.

सर माझ्याकडे बघत होते. मी घंटा टेबलावर ठेवली आणि निघाले. स्टँडपर्यंत चालत आले तरी ते वाक्य मला पचलं नव्हतं. अजून पचलेलं नाही.

परवाना मी परत एकदा वाचला, पहिल्या ओळीपासून. त्याच्या हिशेबाने माझी चूक वेळेत सुधारली आहे, मला खेळ छापायला, वाटायला, बदलायला पुन्हा मोकळीक आहे. तुझं आणि माझं मिटलं का, ते त्यात नाही. नाव काढायचं कलम आहे. काढलेलं परत घालायचं कलम शोधलं, ते सापडलं नाही. तेव्हा कलमाने काही मागत नाही. तू मला त्या संध्याकाळी विचारलं नाहीस, आणि मी विचारायची वाट बघत वर्ष घालवलं. आता मीच सांगते. ते मी मनापासून म्हटलं नव्हतं.

माझं नाव परत घाल, मीना. आकांक्षाच्या नावाखाली घातलंस तरी चालेल. खरं म्हणजे चालणार नाही. पण घाल.

तुझी
दीपी